घरात नाताळ आणि हनुका दोन्ही, पोरीला काय सांगू?

माझे पप्पा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे, आई कोल्हापूरची ख्रिश्चन. लहानपणी डिसेंबरात आईच्या करंज्या आणि खिडकीत पप्पांच्या हनुकाच्या मेणबत्त्या, रोज एक वाढवत आठ रात्री, त्या मोजत मोजतच झोपायचो. आता माझी पोरगी विचारते आपला सण नक्की कुठला?

>> ताई, दोन्ही म्हणून सांगा की. फक्त खिचडी करू नका. नाताळ येशूच्या जन्माचा, हनुका जेरुसलेमचं मंदिर परत शुद्ध केलं त्याचा, दिवा एका दिवसाच्या तेलावर आठ दिवस जळला ती गोष्ट पोरांना लई आवडते.

>> आमची आजी म्हणायची पूर्वी कोकणात आपल्या लोकांना हनुका माहीतच नव्हता, नंतर आला. मलिदा मात्र जुना, पोहे, गूळ, खोबरं, तो पण करा तिच्यासोबत.

>> दरवर्षी तारीख का बदलते हे पण सांगा, ज्यू पंचांग चंद्राचं, आपल्या अधिक मासासारखा त्यांचाही जादा महिना असतो. २०२४ ला पहिली मेणबत्ती नेमकी २५ डिसेंबरच्या संध्याकाळी होती!

>> हो, त्या दिवशी आई चर्चमधून आली आणि पहिली मेणबत्ती तिनंच लावली. पप्पा नाहीत आता. हेच सांगते पोरीला.