मदत हवी आहे: काळ्या मातीतला रस्ता, बुजलेले चर आणि तोंडावर आलेला पावसाळा

मंडळी, नमस्कार.

अमळनेर-चोपडा भागात रस्त्यांच्या देखभालीचं काम माझ्याकडे आहे. मूळ पद शाखा अभियंत्याचं, फेब्रुवारीपासून उपअभियंत्याचा पदभारही सांभाळते. नवीन रस्ते करून घेण्याचा अनुभव आहे, पण असलेले रस्ते टिकवण्याची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आली आहे. अखाजी होऊन गेली. पावसाला महिनाही उरलेला नाही.

अडलंय ते एका प्रमुख जिल्हा मार्गाच्या 1400 मीटरवर. दोन्ही बाजूंना कपाशीची काळी रानं. पाच वर्षांत इथे दोनदा कार्पेट (डांबराचा नवा थर) झालं, पॅचवर्क तर दरवर्षी. तरी पोळ्याच्या सुमारास चाकोरी खचते, कडा तुटतात आणि मोटारसायकलवाले पडतात. मागच्या भाद्रपदात शाळेतून परतणारी दोन मुलं सायकलसकट खड्ड्यात गेली. एकाचा हात मोडला. मी तेव्हा या जागेवर नव्हते, पण ते डोक्यातून जात नाही.

परवा आमच्या मुकादमांनी तिथे पहार लावून डांबराची कड उचलून दाखवली. तव्यावरून भाकरी सुटावी तसा हातभर तुकडा अख्खा वर आला. खाली खडी होती, पण दोन खड्यांच्या मध्ये बारीक चुरी असायला हवी तिथे काळी माती वाळून बसलेली. पावसाळ्यात ती खालून चिखल होऊन खडीत चढली होती. साइडपट्टीला तर एवढ्या भेगा पडल्यात की एकीत माझा हात मनगटापर्यंत गेला. पहिल्या पावसाचं पाणी तिथूनच थेट रस्त्याच्या पोटात उतरणार. ही माती वाळलेली असते तोवर दगडासारखी, पण चार दिवस भिजली की तिचा सीबीआर (मातीची भार पेलायची ताकद दाखवणारा आकडा) 2-3 टक्क्यांवर येतो. मग वर कितीही चांगलं डांबर असो.

मुकादम म्हणाले, "म्याडम, पानीले वाट द्या पह्यले. नही ते दरसाल आठेच येनं पडी." म्हणजे आधी पाण्याला वाट द्या, नाहीतर दरवर्षी इथेच यावं लागेल.

त्यांचं बरोबर आहे. रस्त्याकडेचे चर जवळपास सगळे बुजलेत. शेतात ट्रॅक्टर नेण्यासाठी कुणी मातीचा भराव टाकलाय, कुणी नांगरता नांगरता डांबरापर्यंत आलंय. या तुकड्यावरच्या तीनपैकी एक मोरी आम्ही उकरली, तर आतून ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा फाटका कागद आणि खताच्या गोण्या निघाल्या. ट्रॉलीभर.

म्हणून यंदा या तुकड्यावर कार्पेट न टाकता तो पैसा चर, मोऱ्या आणि साइडपट्टीवर घालावा, असं मी अंदाजपत्रकात मांडलंय. वरून विचारणा आली की मग लोकांना रस्त्यावर दिसणार काय. गावकऱ्यांचंही तेच, "डांबर कधी पडणार?" खोदलेला चर कुणाच्या डोळ्यात भरत नाही, हे मलाही कळतं.

मला पहिली मदत हवी आहे ती शेतकऱ्यांच्या बाबतीत. नोटीस काढली तर चर उघडेल, पण पेरणी झाली की पुन्हा बुजेल आणि मी त्या गावात तोंड दाखवू शकणार नाही. भांडण न करता हे कुणी करून दाखवलंय का?

दुसरं, भर पावसात खड्डे कशाने भरता? आजवर मुरूम टाकला जायचा, दोन दिवसांत त्याचा राडा होतो. पोत्यातला तयार मिक्स (खडी-डांबराचं मिश्रण) महाग पडतो.

तिसरं, माणसं. पूर्वी दर काही किलोमीटरला मैलकुली (रस्त्याची देखभाल करणारा मजूर) असायचा, मोरी तुंबायच्या आधी त्याला कळायचं. जागा रिकामी झाली की आता भरत नाहीत. माझ्याकडे सात जण आहेत आणि मुकादम पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. कुठल्या मोरीवर पाणी कुठून येतं हे फक्त त्यांना माहीत आहे.

प्रतिसाद (निवृत्त अभियंता, धुळे)

ताई, निदान अचूक आहे, मागे हटू नका. एकच भर घालतो. चर नुसता उघडून भागणार नाही, त्याचा तळ खडीच्या थराच्या खाली गेला पाहिजे. तुमच्या साइडपट्ट्या काळ्या मातीच्या असतील तर रस्ता म्हणजे हौद झालाय. खडीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच नाही. सगळी साइडपट्टी मुरमाची करायला पैसे पुरणार नसतील तर दर 10-15 मीटरवर तिच्यात आडवा चर खोदून खडीने भरा, रस्त्यातलं पाणी बाजूच्या चरात उतरेल. साइडपट्टीचा उतार कॅंबरपेक्षा (रस्त्याच्या मधून कडेकडे दिलेल्या उतारापेक्षा) जास्त ठेवा. बहुतेक ठिकाणी ती डांबरापेक्षा उंच झालेली असते, ती आधी छाटा.

पावसात मुरूम नकोच. खड्डा चौकोनी कापा, कडा उभ्या, तळ कोरडा नसला तरी स्वच्छ हवा. कॅटायनिक एमल्शन (पाण्यात मिसळलेलं, धन भाराचं डांबर) ओलसर खडीलाही धरतं, त्यामुळे कोल्ड मिक्स, म्हणजे न तापवता केलेलं मिश्रण, जागेवर तयार करता येतो. आयआरसीच्या (भारतीय रस्ते काँग्रेस) एसपी 100 या मार्गदर्शिकेत पद्धत दिली आहे. पोत्यातला तयार मिक्स वळणावर आणि शाळेसमोर वापरा, सगळीकडे नको. खोल खड्ड्यात दोन थर, प्रत्येक थर वेगळा ठोकायचा. घाईत एकदम भरलेला खड्डा पहिल्या वाळूच्या डंपरखाली बसतो. उघडिपीत हॉटमिक्स (गरम डांबर-मिश्रण) आणलात तर थर्मामीटर सोबत ठेवा. डांबर व्हीजी-30 प्रतीचं असेल तर पसरताना 140 अंशांच्या खाली आलेला माल घेऊ नका.

प्रतिसाद (शेतकरी, पारोळा)

मॅडम, चर आम्ही हौसेने बुजवत नाही. बैलगाडी होती तेव्हा चरातून काढता यायची, ट्रॅक्टर-ट्रॉली निघत नाही. प्रत्येक वाटेवर सिमेंटचा पाइप टाकून द्या, वरचा भराव आम्ही करू. आमच्या गावाला असंच झालं.

दुसरं म्हणजे बुजवणाऱ्याशी आधी बोलू नका. ज्याच्या शेतात त्यामुळे पाणी तुंबतं त्याला गाठा. कपाशीत पाणी साचून मग ऊन पडलं की उभं झाड मान टाकतं, आकस्मिक मर म्हणतात तिला. त्याला चर तुमच्यापेक्षा जास्त हवा आहे. तो गावात बोलला की अर्धं काम झालं. कुणी अगदीच अडून बसलं, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली असा शेतकरी स्वतः तहसीलदारांकडे जाऊ शकतो. पण ते शेवटी. आणि लवकर या. पूर्वहंगामी कपाशी लागली की रानात कुणी जेसीबी घालू देणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पारोळ्याचे दादा, तुमचा प्रतिसाद वाचून काल सकाळी सहालाच मुकादमांसोबत तो तुकडा पायी फिरले. शेतात जाणाऱ्या अकरा वाटा मोजल्या. वरच्या अंगाच्या एका आजोबांनी बांधावर नेऊन दाखवलं, मागच्या वर्षी त्यांची सहा ओळी कपाशी उभी वाळली होती. ते म्हणाले, पारावर मी बोलतो, तुम्ही पाइप आणा.

अंदाजपत्रकात पाइप आणि खडीचे आडवे चर घालून फेरप्रस्ताव दिला आहे. सोबत त्या उचललेल्या तुकड्याचा फोटो लावला, खालची काळी माती दिसेल असा. साहेबांनी या वेळी "डांबर कुठे?" असं विचारलं नाही, "पावसाआधी होईल ना?" एवढंच विचारलं. मंजुरी अजून हातात नाही.

मुकादमांसाठी एक वही घातली आहे. रोज काम संपल्यावर ते सांगतात, मी लिहिते. मोरीचा साखळी क्रमांक (रस्त्यावर ती किती अंतरावर आहे ते), पाणी कुठल्या बाजूने येतं, कुठे तुंबतं, कुणाच्या बांधावरून उतरायचं. आतापर्यंत नऊ मोऱ्या झाल्या.

एक राहिलंच. 11 नंतर उन्हात माणसं उभी राहू शकत नाहीत, पारा 44-45 ला जातो. पाइप बसवायचं काम रात्री दिव्यावर कुणी केलंय का? वाहतूक थांबवायची सोय कशी केली होती?