मदत हवी आहे: रिझर्व्ह बँक आणि बाबासाहेबांची साक्ष, पोट्ट्यांना नीट समजवायचंय

नमस्कार मंडळी, १ एप्रिलला रिझर्व्ह बँकेचा स्थापना दिवस, त्यानिमित्त आमच्या अभ्यासिकेतल्या एमपीएससीवाल्या पोट्ट्यांसमोर तासभर बोलायचं ठरलंय. नागपुरात संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची इमारत आणि तिथंच बाबासाहेबांचा पुतळा, त्यामुळे "सर, आरबीआय बाबासाहेबांनीच काढली ना?" हा प्रश्न येणारच. व्हॉट्सअ‍ॅपवरचं एका ओळीचं उत्तर मला द्यायचं नाहीये, कारण त्यांचं खरं काम त्या ओळीत मावत नाही.

आतापर्यंत जुळवलेलं असं: १८६१ च्या कायद्यानं नोटा काढायचा हक्क सरकारनं स्वतःकडे घेतला, पुढं १९२१ ला बंगाल, मुंबई, मद्रासच्या तिन्ही प्रेसिडेन्सी बँका एकत्र करून इम्पिरियल बँक झाली, म्हणजे चलन सरकारच्या हातात आणि बँकिंगची दोरी दुसरीकडेच. हेच हिल्टन यंग कमिशनला (भारताच्या चलनव्यवस्थेची चौकशी करायला ब्रिटिश सरकारनं नेमलेला आयोग) खटकलं आणि १९२६ ला त्यांनी वेगळी मध्यवर्ती बँक हवी म्हणून सांगितलं. याच कमिशनपुढं डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांची साक्ष झाली. त्यांची मांडणी थोडक्यात अशी की रुपयाचा नुसता विनिमय दर धरून ठेवून भागत नाही, रुपये पाडण्यावरच पक्की मर्यादा पाहिजे, कारण सरकारला वाटेल तेवढे रुपये काढता आले की भाव चढतात आणि मजुराची मजुरी तिथंच राहते. मला तर हा भाग वाचताना आजचीच गोष्ट वाटते.

पुढं १९२७ चं बिल भागधारकांची बँक की सरकारी बँक या वादात अडकलं, कायदा १९३४ ला झाला, १९३५ ला ५ कोटींच्या खासगी भांडवलावर बँक सुरू झाली, राष्ट्रीयीकरण १९४९ ला. पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, ते त्याआधी आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारात होते, हे पोट्ट्यांना नक्की सांगणार आहे.

आता मदत अशी हवी:

साक्षीतल्या प्रश्नोत्तरांचा चांगला मराठी अनुवाद कुणी वाचलाय का? १९२७ च्या बिलावर कायदेमंडळात झालेल्या चर्चेची छापील कार्यवाही नागपुरातल्या कोणत्या ग्रंथालयात बसून बघता येईल? आणि सुवर्ण विनिमय परिमाण (रुपया थेट सोन्यात न बदलता, सोन्याशी जोडलेल्या परकी चलनाशी ठरावीक दरानं बांधायचा, बाबासाहेबांचा आक्षेप होता तीच पद्धत) कॉमर्स न शिकलेल्या पोरांना तुम्ही कसं समजवता, वर्गात शिकवणाऱ्यांनी जरूर लिहा, कापूस-संत्र्याच्या बाजारातलं उदाहरण असेल तर फारच बरं.