मदत हवी आहे: सॅकला भोक पडलंय, शुक्रवारी संध्याकाळची गाडी आहे

चालतोय_बावा (बुधवार, रात्री १०:४०)
सॅकला भोक पडलं आहे. शुक्रवारची विदर्भ एक्सप्रेस पकडायची, नाशिकरोडला उतरून पायथ्याचं बारी गाव, रविवारी पहाटे कळसूबाई. टेप लावून पाहिली, निघून येते. नागपुरात काय मिळेल आणि कुठं, तेवढंच सांगा. "नवीन घे" म्हणणाऱ्यांनी कृपया पुढे सरकावं.

तर्रीपोहे
भोक केवढं? कुठं? कापड कोणतं? टेप कोणती? भाऊ, तू तर डॉक्टरला "दुखते" एवढं सांगून फोन ठेवून राहिला.

चालतोय_बावा
साधी सॅक आहे. ४५ लिटर.

तर्रीपोहे
लिटर कोणी विचारले बे?

इतवारीचा_दादा
एवढा काय विचार करून राहिले? बर्डीवर कोणत्याही मोच्याकडे दे. मी स्कूटरची सीट शिवून घेतली होती, गाडी विकली पण शिवण उसवली नाही.

सह्यवेडा_पुणे
मोच्याकडे अजिबात नको. जाड आरीनं टोचून टोचून भोकांची रांग होते, प्रत्येक भोकातून पाणी. आणि सुती दोरा असेल तर दोन पावसाळ्यांत कुजतो. सॅक आतून पाहा. बहुतेक सॅकना आतून प्लास्टिकसारखा पातळ थर असतो, तो पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. त्याला दुरुस्तीची टेप आणि पीयूचा गोंद दोन्ही धरतात. सिलिकॉनचा थर असेल तर दुसरं काहीच धरत नाही, सिलिकॉनचाच गोंद लागतो. पुण्यात हे सगळं सहज मिळतं.

इतवारीचा_दादा
हाव ना, पुण्यात सगळंच मिळते. दुपारी एक ते चार सोडून.

सायकलस्वार_फुटाळा
पंक्चरचं सोल्यूशन आणि पॅच. २० रुपयांत काम. ट्यूबला चालतं तर सॅकला का नाही?

सह्यवेडा_पुणे
ट्यूब रबराची असते म्हणून.

सायकलस्वार_फुटाळा
माझ्या तंबूला लावलाय मी, दोन महिने झाले.

तर्रीपोहे
तंबू उघडला होता का त्या दोन महिन्यांत?

चालतोय_बावा (गुरुवार, सकाळी ७:१५)
आतून प्लास्टिकसारखंच आहे. भोक खालच्या कोपऱ्यात, रुपयाएवढं. सुई-दोऱ्यानं ओढून शिवू का?

शिवणताई_महाल
रुपयाएवढं म्हणजे कापडच गेलं आहे का? फाटलं असेल तर कडेला कड भिडते, शिवता येतं. कापड गेलं असेल तर ओढून शिवल्यावर चुण्या पडतील आणि त्या चुणीपाशीच पुन्हा फाटेल. कशानं पडलं भोक?

चालतोय_बावा
उंदीर. बाजूच्या खिशात मागच्या ट्रेकचा चिवडा राहिला होता.

तर्रीपोहे
आता सांगून राहिला!

इतवारीचा_दादा
पिंजरा लाव, त्यात चिवडा नको, भज्याचा तुकडा ठेव. औषध टाकू नको, कुठंतरी कपाटामागे मरते आणि आठ दिवस घर नाक धरून बसते.

शिवणताई_महाल
मग ठिगळच. कोपरा दगडावर घासतो, छत्रीचं कापड तिथं टिकणार नाही. जुन्या शाळेच्या दप्तराचं बूड काप. तुकडा भोकापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठा, आणि कोपरे गोल. चौकोनी कोपरा आधी उचलला जातो. भोकाचे लोंबणारे दोरे कापून कडेला पेटती उदबत्ती नुसती दाखव, नायलॉन वितळून कड बंद होते. सिंथेटिक कापडाला हे वितळवणं चालतं, सुतीला नाही.

चालतोय_बावा
कडा आधीच कडक झाल्या आहेत. तो पाच रुपयेवाला थेंब-गोंद टाकला होता मी रविवारी.

सह्यवेडा_पुणे
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! म्हणूनच टेप बसत नाही, खाली खडबडीत काच झाली आहे. तो गोंद वाळला की ठिसूळ होतो, सॅक वाकते, तो वाकत नाही.

सायकलस्वार_फुटाळा
नेलपॉलिश रिमूव्हरनं निघतो तो.

शिवणताई_महाल
गोंदाबरोबर आतला थरही निघेल. कडक झालेलं तेवढं कात्रीनं कापून टाक. भोक थोडं मोठं होईल, होऊ दे. पण आता उदबत्ती नको, त्या गोंदाचा धूर डोळ्यांना झोंबतो.

नर्मदेकाठी
त्यापेक्षा पचमढीला जा, नागपूरहून जवळ. कळसूबाईच्या शिड्यांवर रविवारी रांग असते.

सह्यवेडा_पुणे
१६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. पचमढी मध्य प्रदेशात आहे.

नर्मदेकाठी
तिकीट काढताना कोणी राज्य विचारत नाही.

तर्रीपोहे
धागा उंदरावर होता, डोंगरावर नाही. बावा, आता ऐक. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आण, आतून-बाहेरून पूस, पूर्ण सुकू दे. चप्पल दुरुस्तीवाले वापरतात तो पिवळा रबरी गोंद घे. सॅकवर आणि ठिगळावर, दोन्हीकडे पातळ थर. दहा-पंधरा मिनिटं थांब, बोटाला चिकटेना झाला की दाब. ओल्यातच दाबला की सरकतो, तिथंच सगळे फसतात. मग ठिगळ आतून, वर वजन ठेवून रात्रभर. पीयूचा गोंद जास्त चांगला, पण तो आज मागवून उद्या कुठला यायला? या वेळी एवढंच जमते.

शिवणताई_महाल
आणि सकाळी कडेनं पॉलिएस्टर दोऱ्याचे लांब लांब टाके. दाट नको.

इतवारीचा_दादा
म्हणजे शेवटी शिवलंच ना? मी पहिल्यांदाच म्हटलं होतं, मोच्याकडे दे.

चालतोय_बावा (शुक्रवार, दुपारी १:०५)
बसलं. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, कोपऱ्यातून नाही आलं, वरच्या चेनमधून आलं. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरतो. दप्तर भाच्याचं होतं. जुनं नव्हतं, ते आता माझी ताई सांगून राहिली.

सायकलस्वार_फुटाळा
चेनला मेणबत्ती घास.

ट्रेकर_सदर
सगळं वाचलं नाही, पण कापड कोणतं आहे? फोटो टाक.