लाकडी पलंग: करवून घेतलात, की स्वतः बनवलात?

धागाकर्ती: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पलंग असा उंच हवा की उठताना गुडघ्यावर जोर पडू नये. आमचा दिवाण गादीसकट जेमतेम १४ इंच. दुकानांत बघितले ते बहुतेक प्लायचे किंवा एमडीएफचे, आणि मला भरीव लाकडाचाच हवाय. ज्यांनी सुतार घरी बसवून किंवा स्वतःच्या हातांनी पलंग केलाय, त्यांनी सविस्तर लिहा. लाकूड कुठून आणलं, सांधे कसे केले, सगळंच.

रानजाई: पुण्यात असाल तर पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान शोधा. आम्ही तुळई घेतली. वरून काळीकुट्ट, पण रंधा फिरवल्यावर आतून सोनेरी निघाली आणि घरभर सागाचा वास. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड नंतर पीळ धरत नाही, हा खरा फायदा. मात्र कापायला नेण्याआधी लोहचुंबक फिरवून एकेक खिळा काढा. खिळा राहिला तर सॉ-मिलवाल्याचं पातं जातं, म्हणून ते जुनं लाकूड घ्यायलाच कुरकुरतात.

पडवी: आम्ही रत्नागिरीकडचे, त्यामुळे फणस. दारचंच झाड होतं. १९६४च्या झाडतोड कायद्याच्या यादीत फणस येतो, तेव्हा आधी परवानगी काढली. फळ्या कापून पडवीत रचल्या, मध्ये पट्ट्या घातल्या म्हणजे वारा खेळतो, आणि टोकांना रंग फासला. लाकडाचं पाणी टोकांतून सगळ्यात लवकर उडतं आणि तिथेच तडे जातात. पुढचा पावसाळा सरेपर्यंत सुताराला हात लावू दिला नाही. खुरं (पलंगाचे पाय) आणि आडव्या पट्ट्या त्याने कुसू (टोकाला कोरलेली जीभ) काढून खाचेत बसवल्या, वर लाकडी पाचर. एकही खिळा नाही. नवीन असताना हळदीसारखा पिवळा होता, आता तांबूस झालाय. अजून कुरकुरत नाही. मला विचाराल तर लाकडाच्या जातीपेक्षा ते किती वाळलंय आणि सांधा कसा बसलाय, हेच बघा.

मधुरा_ठाणे: गादी आधी घ्या, पलंग नंतर. ७८ बाय ७२ची गादी असेल तर आतलं माप अर्धा-पाऊण इंच मोकळं ठेवा, चादर खोचायला बोटं जायला हवीत. सहा फूट रुंदीला मधोमध उशापासून पायथ्यापर्यंत एक बार आणि त्याखाली पाय हवाच, नाहीतर गादीखालच्या पट्ट्या मध्ये झोळ खातात. दोन पट्ट्यांत तीन इंचांहून जास्त फट नको. आणि बाजूच्या पट्ट्या बोल्टने जोडा. आमच्या जिन्यातून अख्खा पलंग वळतच नव्हता.

आप्पा: फळीवर पांढरट पट्टा दिसला तर तो भाग घेऊ नका. कीड तिथूनच लागते, पलंगाखाली पिठासारखा भुगा पडतो. वखारवाला म्हणेल पॉलिशमध्ये दिसणार नाही. ऐकू नका.

रानजाई: उंचीचं राहिलंच. आईंना खुर्चीवर बसवा, पाय जमिनीला टेकलेले. गुडघ्यामागच्या वळापर्यंत माप घ्या, त्यात दोनेक इंच मिळवा. ती उंची गादीसकट धरायची, आणि बसल्यावर गादी किती दबते तेही बघा. शिवाय उशाशी धरून उठायला भक्कम खांब ठेवायला सांगा, आमच्या सासूबाईंना त्याचा फार आधार होतो.

धागाकर्ती: माप घेतलं, वरचे दोन इंच धरून २० इंच आलं. पडवी, तुमचे सुतार रत्नागिरीबाहेर कामाला येतात का?