पगार वाढला, ईएसआयसी गेली : आता आधी विमा, की आधी ताट आणि औषध?

उंबरठा (धागाकर्ती) :

माझे यजमान नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करतात. मे महिन्यात त्यांचा पगार २०,४०० रुपयांवरून २२,००० रुपये झाला आणि आम्ही देवापुढे पेढे ठेवले. पण ईएसआयसी, म्हणजे पगारातून थोडी कपात करून कामगाराच्या कुटुंबाला मोफत उपचार देणारी सरकारी विमा योजना, तिची पगारमर्यादा २१,००० रुपयांची असल्यामुळे ऑक्टोबरपासून कपात थांबली असून, येत्या जूनअखेर आम्हा पाच जणांचे, म्हणजे आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई यांचे, मोफत उपचार बंद होणार आहेत. कपात होत होती ती महिन्याला जेमतेम दीडशे रुपयांची. खासगी विम्याचा हप्ता मात्र सासूबाईंना धरून वर्षाला २६,००० रुपये सांगितला गेला आहे. पगारवाढ महिन्याला सोळाशेची आणि हप्ता एकवीसशेहून अधिक, असा हा हिशेब आहे.

गेल्या महिन्यात देवघर आवरताना सासूबाईंच्या कुंकवाच्या करंड्यात मला बीपीच्या अर्ध्या गोळ्या सापडल्या. दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या की मुलाचा कामाला खाडा होतो, म्हणून एक पट्टी दोन महिने पुरवण्यासाठी त्या नखाने गोळी मोडून अर्धीच घेत होत्या आणि आम्हाला कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले आहे की विमा सध्या बाजूला ठेवावा, आणि ते पैसे पूर्ण औषध, मुलांच्या ताटातली डाळ-अंडी आणि यजमानांचा आठवड्यातला एक ओव्हरटाइम कमी करणे यांसाठी वापरावेत. हे चुकते आहे का?

पायवाट :

ताई, तुमची तळमळ समजते, पण निर्णय मला धोक्याचा वाटतो. आमच्या घरीही असेच ठरले होते. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा आईच्या पाटल्या गहाण पडल्या, पतसंस्थेचे कर्ज झाले, आणि ते फेडता फेडता धाकट्या बहिणीचे शिक्षण बारावीलाच थांबले. ताटातली डाळ त्या सहा वर्षांत जितकी आटली, तितकी विम्याच्या हप्त्याने कधीच आटली नसती. शिवाय आधीपासून असलेल्या आजारांना विमा लगेच लागू होत नाही, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते; म्हणजे तुम्ही जितका उशीर कराल, तितके सासूबाईंचे संरक्षण पुढे जाईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकला आहे, तेव्हा सांगितलेला आकडा त्यानंतरचाच आहे ना, हे एजंटला अवश्य विचारा.

शेवंती :

मी ताईंच्या बाजूने आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि आता कोणत्याही रंगाचे रेशनकार्ड चालते. धर्मादाय रुग्णालयांतही वार्षिक ३,६०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी सवलतीच्या दरातल्या दहा टक्के खाटा राखीव असतात, आणि तुमचे उत्पन्न त्या मर्यादेत बसते. मोठ्या आजारासाठी इतका आधार असताना रोजचे औषध तोडून हप्ता भरणे मला पटत नाही. अर्ध्या गोळीने बीपी आटोक्यात राहत नाही, आणि त्यातून पक्षाघात झाला तर घरातले एक माणूस कायमचे अंथरुणाला खिळते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगरच्या गोळ्या मोफत मिळतात. तिथे नसल्या, तर जनऔषधी केंद्रात पुष्कळच स्वस्त मिळतात.

पायवाट :

शेवंतीताई, योजना चांगलीच आहे, पण ती यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांनाच लागू होते. मध्यरात्री छातीत दुखू लागले की माणूस जवळच्या दवाखान्याकडे धावतो, यादी पाहत बसत नाही. आम्हीही तेच केले होते. योजनेवर भरवसा ठेवायचा असेल, तर आपल्या भागातली कोणती रुग्णालये त्यात आहेत, हे आजच वहीत लिहून ठेवा.

तिसरी पाळी :

मी स्वतः कारखान्यात बारा-बारा तास उभा राहणारा माणूस आहे, म्हणून या चर्चेत मागे पडलेल्या ओव्हरटाइमविषयी लिहितो. पैसे हवेत म्हणून मी दोन वर्षे एकही जादा पाळी सोडली नाही. झोप गेली, मुलांवर हात उचलू लागलो, आणि एका पहाटे यंत्रावर डुलकी लागून बोट थोडक्यात वाचले. शेवटी बायकोने १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक लावून दिला. तिथल्या बाईंनी मराठीत शांतपणे ऐकून घेतले आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायला सांगितले. विम्याचा हप्ता जर जादा पाळ्या करूनच भरायचा असेल, तर त्या विम्याची गरज तो कमावणाऱ्यालाच आधी लागेल. या एका मुद्द्यावर मला पायवाट यांचे म्हणणे मान्य नाही.

उंबरठा (धागाकर्ती) :

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी सासूबाईंना आरोग्य केंद्रात नेले. बीपी वरचे १६८ निघाले. डॉक्टरांनी गोळी पूर्ण घ्यायला सांगितली आणि महिन्याच्या गोळ्या तिथेच मिळाल्या. रांगेत अडीच तास गेले, पण मीच नेल्यामुळे यजमानांचा खाडा झाला नाही, आणि आता ही फेरी माझ्याकडेच राहील. यजमानांनी रविवारची जादा पाळी सोडायचे कबूल केले आहे, मात्र कारखान्यात तसे सांगायला त्यांना अजून धीर होत नाही.

पायवाट, तुमच्या आईच्या पाटल्या माझ्या मनातून जात नाहीत. तरीही आज सही करून पुढच्या वर्षी हप्ता चुकवण्यापेक्षा, जूनपर्यंत दर महिन्याला एकवीसशे रुपये वेगळ्या डब्यात टाकून पाहणार आहे. औषध आणि ताट न तोडता डबा भरत गेला, तर जूनच्या आधी पॉलिसी घेईन. या महिन्यात त्यात नऊशे रुपये पडले आहेत.