शताब्दी स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी ठसठशीत सेरिफ फॉन्ट: सल्ला हवा

वाचनकट्टा:
आमच्या ग्रंथालयाला यंदा शंभर वर्षे पूर्ण होत असून, त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ आणि व्याख्यानमालेचे भित्तिपत्रक करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. 'ग्रंथालय शताब्दी' हे शीर्षक मराठीत आणि त्याखाली तेच इंग्रजीत असल्यामुळे दोन्ही लिप्या एकाच घरातल्या वाटाव्यात, अशी माझी इच्छा आहे. एका मित्राने 'रोझा वन' सुचवला. मोठ्या आकारात तो फारच देखणा दिसतो; परंतु नमुना पाहून आमचे मुद्रक म्हणाले की बारीक रेषा छपाईत उडतील. हा फॉन्ट कोठवर वापरावा, आतील मजकुरालाही तोच लावावा का, आणि त्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो का?

जुना_खिळा:
मुद्रकांची शंका रास्त आहे, पण तेवढ्यावरून फॉन्ट नाकारू नये. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये काढलेला हा फॉन्ट मुळात शीर्षके आणि भित्तिपत्रके यांच्यासाठीच आहे. त्यातील रोमन अक्षरे 'फॅट फेस' या घराण्यातील. फ्रान्सचे दिदो आणि इटलीचे बोदोनी या मुद्रकांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस जाड उभी रेषा आणि केसासारखी आडवी रेषा असा टोकाचा फरक पुस्तकांत रूढ केला; पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या छपाईचे खिळे (धातूची अक्षरे) ओतणाऱ्यांनी, ज्यांत रॉबर्ट थॉर्न यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते, तोच फरक लॉटरीच्या व इतर जाहिरातींसाठी फुगवला. जाड रेषा कितीतरी जाड झाली, बारीक रेषा मात्र होती तेवढीच राहिली. भिंतीवरून ओरडण्यासाठी घडलेले हे अक्षर परिच्छेदात बसवले की वाचकाचे डोळे दोन ओळींतच दमतात.

देवनागरीत सेरिफ, म्हणजे रोमन अक्षराच्या रेषेच्या टोकाला असलेली छोटी आडवी पट्टी, असा वेगळा अवयव नाही. आपल्या अक्षरातील जाड-बारीकपणा तिरप्या कापलेल्या बोरूतून आला आहे, त्यामुळे जाडी केवळ उभ्या दांड्यात न साठता वळणांतून फिरत राहते. म्हणूनच दोन लिप्या जुळवायच्या म्हणजे देवनागरीला रोमन टोके चिकटवायची नसतात, तर दोहोंचा काळेपणा आणि जाड-बारीक यांचे प्रमाण जुळवायचे असते. रोझा वनमध्ये ते साधले आहे, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष वापराचे सांगायचे तर, ६० पॉइंटांच्या पुढे तो निःशंक वापरावा आणि २४ च्या खाली आणू नये. गडद रंगावर पांढरे शीर्षक ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण चार रंगांपैकी एक जरी किंचित सरकला तरी बारीक रेषा शाईने भरून जातात. हलक्या रंगावर एकाच काळ्या शाईत छापल्यास तुमच्या मुद्रकांची तक्रार बहुतेक उरणार नाही.

शिरोरेषा:
वरील सल्ल्याला तीन पुरवण्या. या फॉन्टला एकच वजन (म्हणजे अक्षराची जाडी) आहे, त्यामुळे 'बोल्ड'चे बटण दाबू नये; दाबल्यास संगणक अक्षराला कृत्रिम सूज आणतो आणि ज्या बारीक रेषांसाठी हा फॉन्ट निवडला त्याच बुजतात. दुसरे, इंग्रजी शीर्षकात अक्षरांमधले अंतर वाढवणे चालते, मराठीत त्याने शिरोरेषा तुटते. (रस्त्यावरच्या निम्म्या फ्लेक्सवर हा अपघात दिसतो.) तिसरे, इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडला नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरे फुटतात.

तुमच्या शीर्षकात नेमके 'ल' आणि 'श' आहेत. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेत स्वीकारली आहेत. अनेक फॉन्टांत मात्र हिंदी वळणे आधी उमटतात. त्यामुळे मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडून ही दोन अक्षरे, आणि त्याबरोबर मराठीतला अर्धा 'र' तपासण्यासाठी 'दुसऱ्या' व 'कऱ्हाड' हे शब्द, आधी उमटवून पाहावेत. परवान्याचे विचाराल तर फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत आहे आणि विक्रीच्या पुस्तकातही चालतो. केवळ फॉन्टच सुटा विकता येत नाही.

जुना_खिळा:
आतील मजकुरासाठी 'टिरो देवनागरी मराठी' घ्यावा. त्यात मराठी वळणे मुळातच आहेत, आणि बोरूचा जाड-बारीकपणा मवाळ असल्याने तो रोझाशेजारी परका वाटत नाही. 'यात्रा वन' हा मुंबईच्या लोकल रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घडलेला फॉन्ट मला व्यक्तिशः फार आवडतो. परंतु शताब्दीच्या मुखपृष्ठावर तो फलाटाची आठवण करून देईल.

वाचनकट्टा:
दोघांचेही आभार. शीर्षक ९६ पॉइंटांत, एका काळ्या शाईत, फिकट पिवळ्या कागदावर छापून घेतले आणि सर्व बारीक रेषा शाबूत उतरल्या. अडचण भित्तिपत्रकात आली. तेथे 'वर्षपूर्ती'वरचा रफार आणि वेलांटी वरच्या ओळीतल्या उकाराला भिडत होत्या, म्हणून ओळींमधले अंतर वाढवावे लागले. व्याख्यानांच्या तारखा मी आधी १४ पॉइंटांत रोझामध्येच लावल्या होत्या. तुमचे म्हणणे वाचून त्या टिरोमध्ये घेतल्या आहेत.