कुत्र्याच्या पिल्लाला नखं, फणी, आंघोळीची सवय (अनुभव येऊ द्या)

माळ्यावरची_ट्रंक
माळा आवरताना जुनी तारांची फणी हाती लागली, अर्ध्या तारा वाकलेल्या. वास अजून तोच. म्हटलं, ज्यांच्याकडे सध्या पिल्लू आहे त्यांच्यासाठी धागा काढावा.
सुरुवात मी करते. घरी आलं की पहिला आठवडा काहीही कापायचं नाही, नुसता हात लावायचा. पंजा धरा, एक बोट दाबा म्हणजे नख बाहेर येतं, सोडा, मग खाऊ. क्रम हाच. खाऊ आधी दाखवलात तर चार दिवसांत खाऊ दिसला की पिल्लू पाय पोटाखाली घेतं. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, उकडलेलं चिकन नाहीतर पनीर. एका वेळी अर्धा मिनिट, दिवसातून तीनचारदा. आठ ते चौदा आठवड्यांचं वय यासाठी सोनं आहे, तेव्हा जे रोजचं वाटतं ते पुढे सहसा खटकत नाही.

सुंठवडा
नखं!!! बाकी सगळं जमतं.

दोन_शेपट्या
@सुंठवडा पांढरं नख असेल तर आतली गुलाबी नस दिसते, तिच्या अलीकडे २ मिमी थांबायचं. काळ्या नखाला एकदम छाटायचं नाही, १-१ मिमीचे काप घ्यायचे आणि दर वेळी कापलेला भाग समोरून बघायचा. आधी कोरडा, पांढुरका दिसतो. मधोमध गडद ओलसर ठिपका आला की बास, पुढे नस आहे.
आवाजाची भीती वेगळी घालवा. पंजाजवळ कोरडी स्पॅगेटी कटरने मोडा, कटकन आवाज, खाऊ. (शेवया फार बारीक, आवाजच येत नाही.) दोनतीन दिवस एवढंच.
आणि कटर धारदार हवा. बोथट कटर नख कापण्याआधी चेपतो, दुखतं ते त्यानेच, आणि लोक म्हणतात कुत्रा नाटकी आहे.

रानवारा
अंगठ्याचं नख विसरू नका, पुढच्या पायाला आतल्या बाजूला वर असतं. जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, गोल वळून कातडीत घुसतं. केसाळ जातीत तर दिसतही नाही, बोटाने चाचपा.

सुंठवडा
आणि रक्त आलं तर? हळद?

दोन_शेपट्या
स्टिप्टिक पावडर मिळते ती बेस्ट. नसेल तर कॉर्नफ्लॉवर चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर दाबून धरा, पाच मिनिटं उघडून बघायचं नाही. दर दहा सेकंदांनी बघितलं की धरलेली गुठळी निघते. दहाबारा मिनिटांनी पण वाहत असेल तर डॉक्टर. हळदीने सोफा पिवळा होईल फक्त 😄

पोहे_कमी_कांदा_जास्त
सोफा तसाही केसांनी भरलाय हो. काळ्या पँटवरचे केस काढायला काय वापरता सगळे?

रानवारा
भांडी घासायचे रबरी हातमोजे ओले करून एकाच दिशेने फिरवा. तोच मोजा कोरडा असताना देशी पिल्लांना फणी म्हणून पण चालतो, आखूड केसांना तारांची फणी टोचते.

माळ्यावरची_ट्रंक
तारांची फणी आधी स्वतःच्या हातावर फिरवून बघा, ओरखडा उठला तर दाब जास्त आहे. शित्झू, ल्हासा अशी लांब केसांची जात असेल तर वरवर फिरवून उपयोग नाही. केस उचलून भांग पाडल्यासारखा थर करायचा, कातडी दिसली पाहिजे, मग खालून वर एकेक थर. शेवटी स्टीलची बारीक कंगवी, ती अडली की तिथे गुंता आहे. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली हमखास. आणि गुंता आंघोळीच्या आधी सोडवा! पाणी लागून वाळला की नमद्यासारखा आवळतो. कात्री नको, गुंत्यासोबत कातडी वर ओढली जाते आणि कापली जाते.

गोव्याची_मावशी
आमच्याकडे पावसात आंघोळ म्हणजे शिक्षा, वाळतच नाही

केतकी_बन
@मावशी बोटांच्या मधली जागा टॉवेलने कोरडी करा, ओल तिथेच राहते आणि मग ते पंजे चाटत बसतं. ड्रायर लावायचा तर पहिले दोन दिवस शेजारच्या खोलीत चालू, पिल्लू इकडे जेवतंय. मग दारात. मग अंगावर, थंड हवेवर, तोंडाकडे कधीच नाही.
आंघोळीचं पण तसंच. आधी कोरड्या बाथरूममध्ये रबरी मॅटवर उभं करून खाऊ. फरशीवर पाय घसरतात, पाण्यापेक्षा भीती त्याचीच जास्त असते. मग कोमट पाणी, मगने पायांपासून वर, डोकं शेवटी आणि ओल्या फडक्यानेच. माणसांचा शाम्पू नको, कुत्र्यांच्या कातडीचा पीएच वेगळा, कोरडी पडून खाजते.

सुंठवडा
बेबी शाम्पू?

केतकी_बन
तोही माणसाच्याच बाळाचा ना 🙂

पोहे_कमी_कांदा_जास्त
उन्हाळ्यात लॅब्रॅडॉरचा गोटा करावा का

दोन_शेपट्या
नाही!! दुहेरी केस आहेत, वरचा थर ऊन अडवतो. भादरलं तर परत येताना ठिगळं ठिगळं येतात कधीकधी. सुटलेली आतली लोकर फणीने काढा, तेवढ्याने हवा लागते. पामेरियनलाही तेच.

रानवारा
फणी करताना गोचीड बघत चला: कानाच्या आत, बोटांमध्ये, पट्ट्याखाली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, कापूर लावू नका, पिल्लू चाटतं आणि ते विष आहे. गोचिडाच्या औषधावर वय आणि वजन लिहिलेलं असतं, मोठ्या कुत्र्याचं औषध "थोडंसं" करून चालत नाही.

गोव्याची_मावशी
कान इअरबडने साफ करतात ना?

केतकी_बन
बड नको, मळ आत ढकलला जातो. कान साफ करायचं द्रावण घाला, कानाच्या बुडाशी चोळा, पचपच आवाज यायला हवा, मग त्याला डोकं झटकू द्या. (भिंतीपासून लांब.) बाहेर आलेलं कापसाने पुसा. वास, लाली किंवा तपकिरी मळ असेल तर काही न घालता थेट डॉक्टर.

सुंठवडा
मांजरीची नखं पण अशीच का? कारण ती आत्ता कपाटावर जाऊन बसलीये

पोहे_कमी_कांदा_जास्त
तिने धागा वाचला 😂